पुटपुटणारी कंपनी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आपली वेबसाइट बंद पडली आहे हे मला आज ग्रंथपालबाईंकडून कळलं, आणि तेही कागदावर. बाई वाचनालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्यासाठी त्या अजून ग्रंथपालबाईच. कानाची मशीन काढली की त्यांच्या शेजारी पातेल्यांची मांडणी कोसळली तरी त्यांना पत्ता लागत नाही. दोन्ही मशीन गेल्या आठवड्यात पाठोपाठ बिघडली. नेहमीप्रमाणे त्यांनी वेबसाइटवर दुरुस्तीची नोंद करायला घेतली तर पानच उघडेना. मग आज दोन बस बदलून स्वतः आल्या, दारात उभ्या राहिल्या, पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं, "मला वाटलं तुम्ही दुकान बंद केलंत."

मला फार वाईट वाटलं. इतर कुणाची वेबसाइट बंद पडली तर गिऱ्हाईक फोन करतं. आमचं गिऱ्हाईक फोन कसा करणार? ज्याचं कानाचं मशीन बिघडलंय त्याच्यासाठी वेबसाइट हेच आमच्या दुकानाचं दार. ते दार कधीचं बंद, आणि मी आत खुशाल चहा पीत बसलेलो.

मशीन दुरुस्त झाली. ती बाईंच्या कानात बसवत होतो, तेवढ्यात ही आली आणि उजवं मशीन माझ्या हातातून काढूनच घेतलं. म्हणाली, शिट्टी मारतंय, साचा सैल झालाय. कानातला साचा सैल असला की मशीन बारीक शिट्टी मारतं, हे मला शिकवायला नको. पण मला तरी शिट्टीबिट्टी काही ऐकू आली नाही. बाईंसमोर वाद नको म्हणून मी नव्या साच्याचं माप घेतलं आणि सांगितलं की हवा असेल तेव्हा नोंद करा, आठवड्याच्या आत करून देतो. बाई मार्चपासून दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवणार आहेत, जुन्याच वाचनालयात. मुलं मध्येच प्रश्न विचारतात, ते ऐकू यायला हवेत, एवढीच त्यांची काळजी.

हिला अलीकडे माझ्या कामात लुडबुड करायची सवय लागली आहे. लहान मुलांची आणि बायकांची तपासणीही आता तीच करते. करू दे, तेवढाच मला आराम.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याला बोलावलं. वेबसाइट त्यानेच करून दिली होती आणि आपल्या एका मित्राच्या सर्व्हरवर ठेवली होती. मित्राने तो धंदा गुंडाळलाय आणि आता तो गालिचे विकतो. मेहुणा ओशाळला होता. म्हणाला, "भावोजी, वेबसाइट म्हणजे भाड्याच्या खोलीतलं बिऱ्हाड. मालकाने दिवे घालवले की आपण अंधारात. आता ओळखीपाळखीवर नको. चांगला मालक बघू."

त्याने वेबसाइट ठेवून घेणाऱ्या दोन होस्टिंग कंपन्या शोधून काढल्या आहेत. त्याचं म्हणणं, तीन गोष्टी लेखी विचारा. गेल्या वर्षात किती वेळ बंद होतात, आमच्या नोंदींची रोज प्रत कोण काढून ठेवणार, आणि बिघाड झाला तर उत्तर कोण देणार. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. मी दोघांनाही फोन करतो. आवाज ऐकला की मला माणूस कळतो. सगळा जन्म कानांच्या धंद्यात गेलाय, तो काय उगाच?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केले फोन. मेहुणा शेजारी बसला होता, ही पलीकडे साचे घासत होती.

पहिल्या कंपनीतले गृहस्थ म्हणजे काय आवाज. खोल, भरदार, प्रत्येक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. "साहेब, निर्धास्त राहा. आमच्याकडे बंद पडणं हा प्रकारच नाही," म्हणाले. मला माणूस पसंत पडला. मी त्यांचं नाव दमदार ठेवलं आहे.

दुसऱ्या कंपनीत एक मुलगी होती. तिचा शब्द सुरू होतो तोवर संपतो. मी पुन्हा पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने बोला. तिने आवाज चढवला, तर नुसता गोंगाट झाला, कळलं काहीच नाही. त्या मुलीचं नाव पुटपुट. मेहुणा मात्र सारखा लिहून घेत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, तिने तर सगळं सांगितलं, गेल्या वर्षी कधी बंद पडलं होतं तेसुद्धा. असेल. तरुणांचं एकमेकांना कळतं. पण जिला धड बोलता येत नाही ती माझं दार काय सांभाळणार?

संध्याकाळी एक निवृत्त ड्रायव्हर आले, मुलाने अक्षरशः ढकलत आणलेले. म्हणाले, मला सगळं ऐकू येतं, बायकोच पुटपुटते. मी मनात हसलो. या धंद्यात एक गोष्ट कळली आहे, सगळ्यांच्या बायका नवऱ्याच्या साठीच्या आसपासच पुटपुटायला लागतात. त्यांना मी समजावलं की कान जातो तेव्हा आधी आवाज जात नाही. बारीक आवाज जातात, शब्दांच्या कडा जातात. पुरुषांचं जाड बोलणं नीट कळतं, म्हणून वाटतं की आपण धडधाकट आहोत. तपासणीत आलेख घसरगुंडीसारखा निघाला. माणसाला स्वतःचं कसं कळत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती, नातीला घेऊन. नातीने मांडीवर बसून एक लांबलचक गोष्ट सांगितली. मी योग्य जागी हसलो असं मला वाटलं, पण ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आजीकडे गेली. मुलांचं मन क्षणात बदलतं.

लेक आणि ही बाल्कनीत बराच वेळ बोलत होत्या. मी गेलो तर दोघी गप्प. लेक म्हणाली काही नाही बाबा, आणि फार जवळ येऊन, अगदी तोंडासमोर येऊन म्हणाली. ही तर अलीकडे बोलतेच कमी. पूर्वी स्वयंपाकघरातून तिची टकळी चालू असायची. वयाबरोबर माणूस शांत होत जातं. घरात बरं वाटतं, पण कधी कधी फारच शांत वाटतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दमदारांशी ठरवलं. मेहुणा तोंड वाकडं करून बसला होता. त्याने त्यांना लेखी विचारलं होतं, तर उत्तराऐवजी त्यांचा पुन्हा फोनच आला. "बोलाचीच कढी आहे, भावोजी," म्हणाला. मी म्हटलं, शब्दाच्या माणसाला लिहून द्यावं लागत नाही. यावर ही एवढंच म्हणाली की तुम्ही तर आलेख काढल्याशिवाय कुणाला साधी बॅटरी देत नाही. समोर बसून म्हणाली, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, बॅटरीची गोष्ट वेगळी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वेबसाइट सुरू. संध्याकाळी मी पेपर वाचत होतो आणि ही पाठमोरी भांडी लावत काहीतरी सांगत होती. मेहुण्याचा फोन येऊन गेला होता वाटतं. मी हो म्हटलं. संसारात निम्म्या गोष्टींना हो म्हणायचंच असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही, ही आनंदाची गोष्ट. वेबसाइट उघडी आहे, नोंदी येत आहेत. मेहुण्याला मुद्दाम सांगितलं की बघ, आवाजावरून माणूस कळतो.

दाराची बेल तेवढी बिघडली आहे. बॅटरी बदलली, तरी वाजत नाही. पोस्टमन म्हणतो वाजते. दुसरी आणायला हवी.

३ मार्च, सोमवार

दुकान उघडलं तर वेबसाइट बंद. दमदारांना फोन केला, उचलत नाहीत. दुपारी पुन्हा केला, पुन्हा नाही. त्यांचा तो भरदार आवाज आता फक्त "आम्ही आपल्या सेवेत आहोत" या ध्वनिमुद्रित वाक्यात ऐकू येतो.

५ मार्च, बुधवार

वेबसाइट परत आली, पण रिकामी. वेबसाइट सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या. जुन्या आम्ही कागदावर उतरवल्या होत्या. गेल्या शनिवारी संध्याकाळी दुकान बंद केलं त्यानंतर आलेल्या मात्र आम्ही पाहिल्यादेखील नव्हत्या. त्या कुणाच्या होत्या, काय होत्या, आता कळायला मार्ग नाही. दमदार अखेर फोनवर आले आणि म्हणाले, "साहेब, प्रत तुमची तुम्ही काढायची असते." त्यांचा हाही शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

मी मेहुण्यावर भडकलो. तो म्हणाला, मी ताईला त्याच दिवशी सांगितलं होतं की यांच्याकडे प्रत काढत नाहीत, रोज संध्याकाळी एक बटण दाबून भावोजींनी ती स्वतः काढायची. मग मी हिच्याकडे वळलो. ही म्हणाली, "मी सांगितलं. तुम्ही हो म्हणालात."

मी म्हटलं, पाठ करून, भांड्यांच्या आवाजात सांगायची गोष्ट आहे का ही? मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे, आणि दोघंही माझ्याकडे बघायचं टाळू लागले. हे दोघं बहीणभाऊ माझ्यापासून काहीतरी लपवत आहेत असं मला वाटून गेलं.

८ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं.

ग्रंथपालबाई सकाळी आल्या. इस्त्रीची साडी, हातात गोष्टींचं पुस्तक. आज त्यांचं पहिलं वाचन होतं. त्यांनी रविवारी साच्याची नोंद केली होती, आज तयार मिळेल म्हणून आल्या होत्या. साचा नव्हताच. माप खणात तसंच पडलं होतं. मी तोंडाने काय काय सांगत सुटलो, आणि त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

जुन्याच साच्याला तात्पुरती पट्टी लावून पाहिली. हिने मान हलवली, शिट्टी येतेच आहे. त्या शिट्टीत मुलांचं बोलणं कसं कळणार? बाई म्हणाल्या, "मी नोंद केली होती हो. नीट तपासून केली होती." आवाजात राग नव्हता. स्वतःचंच काही चुकलं असावं, अशा सुरात म्हणाल्या. मग वाचनालयात कळवा म्हणाल्या की आज जमणार नाही. फोन हिने केला.

ज्याला ऐकू येत नाही त्याला जगात आधीच वाटत असतं की आपणच कमी पडतो. त्यात माझ्या दुकानाने भर घातली. मी शरमलो. बाई गेल्यावर साचा करायला घेतला, आणि सोमवारी त्यांच्या घरी नेऊन द्यायचं ठरवलं. दमदारांना कायमचा रामराम. पण आता जायचं कुणाकडे? पुन्हा चुकलो तर बाई परत येतील, बाकीचे येणार नाहीत. ते घरात गप्प बसून राहतील आणि मला कळणारसुद्धा नाही.

१० मार्च, सोमवार

साचा देऊन आलो. येत्या शनिवारी वाचन आहे.

मग नाइलाजाने पुटपुटला फोन लावला. तीच मुलगी. मी म्हटलं, तुमची लाइन खराब आहे. तिने तोडून पुन्हा केला. तेच. मी दुकानातला दुसरा फोन घेतला, मग खिडकीशी गेलो, मग रस्त्यावर गेलो. ती काहीतरी सांगत होती, धीराने, न चिडता, आणि मला फक्त सूर कळत होता. शेवटी मी ताडकन बोललो की तुम्हा लोकांना बोलायला शिकवत नाहीत का, आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने तिचा संदेश आला. "सर, लाइन माझ्या बाजूने स्वच्छ आहे आणि मला तुमचं सगळं ऐकू येत होतं. आपण लिहून बोललो तर सोयीचं होईल का? मला काहीच घाई नाही."

आधी माझं डोकं फिरलं. कुणाला सांगते ही मुलगी? मग मी तो संदेश पुन्हा वाचला आणि खुर्चीत बसलो.

हे माझं वाक्य आहे. शब्द तिचे असतील, पण वाक्य माझं. आमच्याकडे नवीन माणूस आला की मी हेच करतो. आधी सांगायचं की यंत्रात बिघाड नाही, म्हणजे त्याने यंत्राला दोष देत बसू नये. मग सोयीचं होईल का असं विचारायचं, म्हणजे त्याला कमीपणा वाटू नये. मग सांगायचं की घाई नाही. याच क्रमाने. ती मुलगी माझ्याशी तसं बोलली, कारण मी तिला तसा माणूस वाटलो.

ही पलीकडे काम करत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिचे ओठ हलत होते. गाणं गुणगुणत असावी. ती कामाच्या वेळी गुणगुणते हे मला माहीत आहे, पण शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

मी मुलीला उत्तर लिहिलं, "हो, सोयीचं होईल."

११ मार्च, मंगळवार

दिवसभर लिहून बोललो. मी विचारलं, तुमच्याकडे कधीच बंद पडत नाही ना? तिने लिहिलं, पडतं. गेल्या वर्षी एकदा दुपारभर बंद होतं, चूक आमचीच होती, आणि त्यानंतर काय बदललं तेही लिहिलं. मी विचारलं, प्रत कोण काढतं? आम्ही, रोज, आणि तिच्यातून वेबसाइट खरोखर परत उभी राहते का ते दर महिन्याला करून बघतो. मी विचारलं, बिघाड झाल्यावर उत्तर कोण देतं? तिने लिहिलं, माणूसच देतो, आणि शक्यतो लिहून, म्हणजे दोघांकडेही नोंद राहते.

यातलं काहीही नवीन नव्हतं. मेहुण्याने फेब्रुवारीत लिहून घेतलेला कागद मी मागून घेतला आणि पडताळला. तिने तेव्हाही शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. भरवशाचा माणूस पहिल्याच दिवशी माझ्याशी बोलून गेला होता. मी त्याला पुटपुट म्हटलं आणि बाईंचा शनिवार घालवला.

मी तिला कालच्या बोलण्याबद्दल माफ करा असं लिहिलं. तिने लिहिलं, "त्याचं काही नाही, सर. कामाला लागू या."

१४ मार्च, शुक्रवार

बिऱ्हाड हललं. मेहुण्याने नवी वेबसाइट मुद्दाम बंद पाडून प्रतीतून परत उभी करून दाखवली. एकही नोंद गेली नाही. ज्यांच्या नोंदी हरवल्या असतील त्यांच्यासाठी पहिल्याच पानावर माफीच्या दोन ओळी टाकल्या. दोघांनी परत नावं नोंदवली आहेत.

हिला काही बोललो नाही. दोनदा तोंड उघडलं आणि बॅटऱ्यांचा विषय काढला. रोज समोरच्याला धीर देणारा मी, आणि मला एवढी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं. ज्याचे कान गेले त्याच्याकडे कानांसाठी कोण येईल, ही एक भीती. दुसरी नीट लिहिता येत नाही.

१६ मार्च, रविवार

दुकान बंद होतं. सकाळी मी हिला म्हटलं, जरा खाली चल, माझी तपासणी कर.

ती काही विचारेल असं वाटलं होतं. तिने हात पुसले आणि किल्ल्या घेतल्या. जिन्यात थांबली, माझ्याकडे वळली आणि समोर येऊन म्हणाली, "दोन वर्षं वाट बघत होते."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं हो. पुष्कळदा. मग सांगायचं सोडलं. गिऱ्हाईकाला ओढून आणू नये, ते आपल्या पायाने येतं तेव्हाच मशीन कानात राहतं, हे तुमचंच म्हणणं ना?"

म्हणजे ती शांत झाली नव्हती. ती बोलत होती. मला रडू आलं, आणि ते तिने पाहिलं. पाहू दे.

मी आवाजबंद खोलीत बसलो, कानांवर हेडफोन चढवले, सूर ऐकू आला की दाबायचं बटण हातात घेतलं. किती माणसं मी या खुर्चीत बसवली, पण मी पहिल्यांदाच बसत होतो. तिने काचेपलीकडून हाताने खूण केली. आधीचे जाड सूर नीट आले, भराभर बटण दाबत गेलो. मनात आलं, वाटतं तितकं वाईट नाही.

मग काही येईना. मी थांबलो. तिला यंत्र लावताना अडलं असेल, नाहीतर कुणी दारात आलं असेल. बराच वेळ झाला तरी सुरू करेना, म्हणून मी मान वर करून काचेतून पाहिलं.

ती यंत्रासमोरच बसली होती. एकेक सूर सोडत होती, थांबत होती, कागदावर खूण करत होती आणि आवाज आणखी वाढवून पुन्हा सोडत होती. तिचं सगळं लक्ष माझ्या हातातल्या बटणाकडे होतं.